संत्र्याच्या सालीचा धूर

आमच्या घराला वास नव्हता. ही गोष्ट बाबा चारचौघांत मोठ्या अभिमानानं सांगत, आणि ती खरीही होती. सौंसरला आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर डोळे मिटून ओळखता यायचं. कोपऱ्यावरच्या घरात शिरलं की ताकाचा आणि कडब्याचा वास, त्याच्या पुढच्या घरात इतवारच्या काळ्या मसाल्याचा, जो बुधवारपर्यंत पडद्यांना धरून राहायचा, आणि समोरच्या काकूंकडे बारा महिने हिंगाचा. आमच्याकडे शिरलं की काहीच नाही. बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आईच्याही होती. मांस-मासळी तर सोडाच, कांदा-लसूणही उंबऱ्याबाहेर. तुरीचं वरण, भात, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, वांग्याची भाजी आणि दिवाळीनंतर घमेलं भरून संत्री. असल्या स्वयंपाकाला वास तरी कुठून येणार? आला तरी तो देवघरातल्या उदबत्तीपुढे टिकायचा नाही.

बाबांचा लोधीखेड्याच्या रस्त्याला संत्र्याचा बगीचा होता आणि थोडं कापसाचं वावर. गल्लीतल्या भजनी मंडळात वीणा त्यांच्या गळ्यात असे, आणि आम्हा पोरांना वाटायचं की बाबा जन्मले तेच वीणा घेऊन. ते कधी ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादा शाळेत असताना एकदा बसस्टँडवरच्या गाडीवर आम्लेट खाऊन आला आणि घरात येऊन ढेकर दिला. बाबांनी एक शब्द काढला नाही. आपली ताट-वाटी उचलली, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवली आणि बगीच्यात राहायला गेले. तिथं तीन दगडांवर स्वतः खिचडी शिजवून खायचे. आई जाऊन रडली, दादानं पाय धरले, तेव्हा कुठे महिन्याभरानं परत आले. तेव्हापासून आमच्या घरात बाबांच्या रागाची नाही, त्यांच्या गप्प बसण्याची भीती होती.

अशा घरात कुंदावहिनी आली ती पांढुर्ण्याहून. आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, तेव्हा तसं काही नव्हतं, पण वहिनीचा रुबाब मात्र जिल्ह्याच्या ठिकाणाहून आल्यासारखाच होता. हसली की समोरच्या काकू खिडकीत येऊन बघायच्या. तिच्या माहेरी सगळं खात. लग्न ठरतानाच तिनं कबूल केलं होतं की सासरी यातलं काही मागणार नाही, आणि तिनं ते इतकं सहज पाळलं की आम्ही विसरूनच गेलो होतो. तिची आई लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेली. त्यानंतर वहिनीला पहिल्यांदा दिवस गेले आणि टिकले नाहीत. मी तेव्हा दहावीत होते. मला कोणी काही सांगितलं नाही, पण वहिनीचं हसू खिडकीपर्यंत जाईनासं झालं, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरेना. आईनं काय नाही करून पाहिलं! लाह्यांचं पाणी, आंबिल, भाजलेल्या तांदळाची पेज, कवठाची चटणी, आवळ्याचा मुरंबा. सगळं आलं तसं बाहेर. वहिनीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला बसमधून कुठेही हलवायचं नाही, माहेरीसुद्धा नाही. जे खावंसं वाटेल ते द्या. पण पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर हेही राहणार नाही." 

त्या दुपारी आई वहिनीच्या खाटेजवळ तूर निवडत बसली होती आणि मी शेजारी भूगोल पाठ करण्याचं नाटक करत होते. आई म्हणाली, "कुंदा, खरं सांग. मनात काय खावाचं येते?"

"काही नाही येत, आत्याबाई."

"माह्या गळ्याची शपथ हाय तुले."

वहिनीनं तोंड भिंतीकडे केलं. भिंतीकडे बघतच म्हणाली, "सुकट." आणि मग रडायलाच लागली. "माय करे माही. तव्यावर भाजून, लसूण घालून. मी नाही मागून राहिली, आत्याबाई. तुम्ही शपथ घातली म्हणून सांगतलं."

सुकट म्हणजे वाळवलेले बारीक झिंगे. बाजाराच्या ज्या टोकाला ते मिळत, त्या टोकाला आई कधी फिरकली नव्हती. तिनं सुपातली तूर शेवटपर्यंत निवडली, खडे बाजूला काढले, सूप पाखडलं. मग म्हणाली, "कशी करते थे सांग मले."

दादा बोरगावला कारखान्यात कामाला होता. त्यानं दुसऱ्याच दिवशी डब्यात सुकट आणली आणि असा घाबरून आईच्या हातात दिली, जणू डब्यात साप होता. दुपारी बाबा बगीच्यात गेल्यावर आईनं दारं लावली. मला वाटलं, आता ती माळ काढून देवघरात ठेवील. पुष्कळ माळकरी अडीअडचणीला तसं करतात असं मी ऐकलं होतं. मी तसं विचारलंही. आईनं पदर नाकावर बांधत माझ्याकडे पाहिलं. "तुह्या बापापासून लपवून राहिली मी. देवापासून काहून लपवू? त्याले दिसूनच राहिलं सारं."

मग सुरू झाला तो स्वयंपाक. वहिनी खाटेवरून सांगायची आणि आई चुलीपुढून विचारायची. "आता काय टाकू?" "लसूण टाका, ठेचलेला." "लाल होऊ देऊ का?" "नको, नको, करपल!" मीठ चाखायची सोय नव्हती, म्हणून आई बोटभर चटणी वाटीत घेऊन खाटेपर्यंत जायची, वहिनी चाखून मान हलवायची, आई परत चुलीकडे. जन्मात जे तोंडाला लावलं नाही ते एखादी बाई दुसरीच्या जिभेनं रांधू शकते, हे मी तेव्हा पाहिलं. आज माझ्या हाताशी गॅस आहे, मिक्सर आहे, मोबाइलवर पन्नास पाककृती आहेत. पण तसा स्वयंपाक मला अजूनही येत नाही. वहिनीनं त्या सुकटीबरोबर अर्धी भाकरी खाल्ली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तास गेला. भाकरी पोटात राहिली. आई उठून देवापुढे गेली आणि नमस्कार करून आली, मासळीच्या हातानंच.

आणि मग आम्हाला वास आला. म्हणजे तो आधीपासूनच होता, पण भाकरीच्या काळजीत नाकाकडे लक्ष कोणाचं होतं? ज्या घराला वास नव्हता, त्या घरात सुकटीचा आणि लसणाचा वास असा पसरला होता की भिंतीसुद्धा नवख्या वाटत होत्या. दारं उघडावी तर वास गल्लीत जाणार, आणि गल्लीत अर्धं भजनी मंडळ राहत होतं. मागच्या आंगणात चूल मांडून करावं तर त्याहून वाईट. आईनं कमरेला पदर खोचला आणि त्या दिवशी तिच्या अंगातली एक विद्या मला दिसली, जी तिला तरी आधी ठाऊक होती की नाही कोण जाणे. तवा राखेनं घासला, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं. हात बेसनानं चोळून धुतले. जिथं चूल होती तिथं शेणाचा हात फिरवला. वहिनीला गुळण्या करायला लवंगेचं पाणी दिलं. आणि शेवटी खापरात निखारे घेऊन त्यावर वाळलेल्या संत्र्याच्या साली टाकल्या, वरून थोडा कडुलिंबाचा पाला. साली तडतडल्या, त्यांतलं तेल सुटलं आणि कडूगोड धूर निघाला. ते खापर घेऊन आई खोलीखोलीतून फिरली. कोनाड्यात, खाटेखाली, दोरीवरच्या लुगड्यांमध्ये. धूर बसल्यावर दारं उघडली तर घरात संत्र्याशिवाय कशाचाच वास नव्हता. मी खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वेळी आई आणखी शहाणी झाली. चूल पेटवण्याआधी गाद्या, गोधड्या बाहेर काढायची, कारण कापूस वास पितो असं तिचं म्हणणं होतं. स्वयंपाकघराच्या दारात ओलं धोतर पडद्यासारखं लावायची, म्हणजे वाफ तिथंच अडायची. धोतर बाबांचं होतं, पण त्यावर आम्ही बोलत नसू. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा हा उद्योग चाले. वहिनीच्या गालांवर मांस दिसायला लागलं, बांगड्या कोपरावरून पुन्हा मनगटाकडे आल्या. त्याच थंडीत एक चांगली गोष्ट घडली. बाबांच्या सायकलची घंटी कित्येक वर्षं गंजून मुकी होती, ती त्यांनी दुरुस्त करून आणली, आणि गल्लीच्या तोंडावरच्या कडुलिंबापासून ते घंटी वाजवत यायला लागले. रस्त्यात ना कुत्रं ना माणूस, पण घंटी सारखी चालू. आम्हाला आयतीच सूचना मिळायची. आई म्हणायची, "देवालेच काळजी हाय बाई. त्यानंच घंटी सुदरवली."

मग तो सप्ताहाचा दिवस आला. मंदिरात कीर्तनाला वऱ्हाडाकडचे एक बुवा आले होते, मोठे नेमाचे म्हणून त्यांची ख्याती होती. माळकरी सोडून कोणाच्या घरचं पाणी घेत नसत. रोज एकेका घरी त्यांचं दुपारचं जेवण ठरलेलं असे. त्या दिवशी ज्यांच्याकडे होतं त्यांच्या भाऊबंदात कोणी गेलं आणि सुतक आलं. आम्हाला याचा पत्ता नाही. आईचा तवा चुलीवर, तव्यावर सुकट, आणि आंगणाच्या भिंतीवरून समोरच्या काकूंचं तोंड वर आलं. "अवो, बुवाचं जेवण आता तुमच्या घरी हाय म्हणते! भाऊजी त्याईले घेऊनच येऊन राहिले. करा घाई!"

"आई, फेकून दे ते," मी म्हणाले. खाटेवरून वहिनीही तेच म्हणाली. आईनं तवा खाली घेतला, भाकरीवर सुकट वाढली आणि ताट वहिनीच्या पुढ्यात ठेवलं. "आधी तू जेव. सावकाश जेव. बुवा काही उपाशी मरून नाही राहिले." आणि वहिनीचा शेवटचा घास होईपर्यंत तिनं दुसऱ्या कशाला हात लावला नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि ही बाई सुनेच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. आईबद्दल मला जो आदर आहे तो पुष्कळ गोष्टींनी वाढत गेला, पण सुरू झाला तो त्या पाच-दहा मिनिटांत.

मग मात्र तिनं घर असं हलवलं की बोलायची सोय नाही. राख, चिंच, बेसन, शेण, ओलं धोतर, खापर. साठवलेल्या सगळ्या साली तिनं निखाऱ्यावर ओतल्या. दुसऱ्या तव्यावर पोळ्या, वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी, मी भाजी चिरत होते आणि डोळ्यांतून धुरानं पाणी येत होतं. लिंबापासून घंटी वाजली, कधी नव्हे ती इतकी लांबलचक, तेव्हा आम्ही दारं उघडली. घर कसं संत्र्याच्या बगीच्यासारखं घमघमत होतं. आईनं एकदा सगळीकडे वास घेऊन पाहिला आणि कपाळाचा घाम पुसला.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. वेचणीचे दिवस होते, आणि पुढच्या खोलीत कापसाचा ढीग छतापर्यंत लागला होता. गाद्या बाहेर काढता येतात, ढीग कुठे काढणार? जिथं धूर पोचत नाही तिथं, त्या ढिगाच्या पोटात, दोन महिन्यांची सुकट मुरून बसली होती. माणसाच्या नाकाला ते कळलं नसतं. बुवा आले, मंडळातले तिघे-चौघे आले, बाबांनी बुवांना सतरंजीवर बसवलं आणि बुवा कापसाला टेकून बसले. "वा माउली," ते म्हणाले, "काय प्रसन्न वास आहे घरात!" आतल्या दारामागे आई आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. आणि तेवढ्यात काकूंचा पिवळा बोका आत आला.

तो कोणाकडे न बघता सरळ ढिगावर चढला. नाक कापसात खुपसलं, पंजांनी उकरलं, पुन्हा नाक खुपसलं आणि असा केविलवाणा ओरडायला लागला की जणू त्याची ठेव आत पुरली होती. बुवांच्या डोक्यावर कापूस उडायला लागला. एकानं हाकललं, तो उतरून दुसऱ्या बाजूनं चढला. बुवा मिश्किल माणूस होते. हसत म्हणाले, "माउली, माळकऱ्याच्या कापसात मांजराला काय गवसलं म्हणायचं?" मंडळी हसली, पण एकदोघांचं हसू अर्ध्यातच थांबलं. आईनं माझं मनगट धरलं.

बाबा मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "सून गर्भार हाय, महाराज. पहिलं राहिलं नाही तिचं. तिच्या पोटात जे ठरते, थे या घरात शिजते. मांजराले समजलं, तसं मलेही समजते."

मंडळातले एक गृहस्थ "मले जरा काम हाय" म्हणत उठले आणि चपला पायात अडकवून गेले. मला वाटलं, आता बुवाही उठणार. उद्या गावभर होणार, आणि बाबा ताट-वाटी घेऊन बगीच्यात जाणार. बुवांनी डोक्यावरचा कापूस झटकला. "कितवा महिना?" त्यांनी विचारलं.

"पाचवा लागला."

"तिचं जेवण झालं का आज?"

बाबांना ते ठाऊक नव्हतं. ते आतल्या दाराकडे बघायला लागले. आई दाराआडून म्हणाली, "झालं, महाराज. आधी तिचंच झालं."

"मग आमची पानं घ्या," बुवा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

ते पोटभर जेवले. पण सगळे काही बुवांसारखे नव्हते. सप्ताह संपल्यावर मंडळात कुजबुज झाली आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. बाबा मागच्या रांगेत टाळ घेऊन बसायला लागले. ज्या माणसाला वीणेशिवाय मी पाहिलंच नव्हतं, त्याला तिथं बसलेलं बघून मला रडू यायचं. बाबांनी त्याबद्दल घरात चकार शब्द काढला नाही, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. त्याची आम्हाला भीती वाटली नाही.

बुवा गेले त्या संध्याकाळी आईनं बाबांपुढे चहा ठेवला आणि खांबाला धरून उभी राहिली. "कवापासून मालूम होतं तुम्हाले?"

"तू सालं जाळाले लागली तवापासून," बाबा म्हणाले. "ज्या घरात वासच नाही, त्या घरात वास काढाचा धूर कायले पाहिजे?"

आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढी राख, एवढं बेसन, एवढी हुशारी, आणि हे एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही! "मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं माह्या नेमाले काही तरी करावं लागलं असतं. तिचं खाणं तरी बंद, नाही तं माहं घर तरी बंद. म्हणून घंटी सुदरवली."

दुसऱ्या दिवशी ते बगीच्यातून आले ते सायकलच्या मागे पोतं बांधून. बसस्टँडवरच्या रसवाल्याकडून त्यांनी संत्र्याच्या साली भरून आणल्या होत्या. गल्लीत कोणी विचारलं तर म्हणाले, "पाहिजेत घरी." साली त्यांनी स्वतः छपराच्या कवेलूंवर चढून वाळत घातल्या, आणि वाळल्यावर पोतं भरून स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगलं. सुकटीला त्यांनी जन्मभर हात लावला नाही, आणि सुकट झाली त्या दिवशी घरात जेवणंही सोडलं नाही. आईनं खापर फिरवलं की ते त्या धुरात येऊन पाटावर बसत.

वहिनीचं बाळंतपण सुखरूप झालं. तो माझा भाचा आता पन्नाशीकडे झुकला आहे. गेल्या वर्षी त्यानं सौंसरच्या घरात चिमणी बसवली. बटण दाबलं की सगळा वास नळीतून बाहेर. दुकानदारानं त्याला सांगितलं म्हणे, आता घरात काय शिजलं ते शेजाऱ्यालासुद्धा कळणार नाही. वहिनी माझ्याकडे बघून हसली, तेच जुनं हसू, खिडकीपर्यंत जाणारं.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. बाळ झालं तशी वहिनीची सुकटीवरची इच्छाच उडाली. तिनं स्वतःच आईला सांगितलं की आता नको. खुंटीवरचं पोतं अर्धं भरलेलं राहिलं. आईनं ते चुलीत घालायला काढलं तर बाबा म्हणाले, "राहू दे. लागन." कशाला लागणार ते कोणी विचारलं नाही. पुढं माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले, आणि काही वर्षांनी पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा माहेरी आले. बसमधून उतरून घरात पाऊल टाकते न टाकते तोच बाबा आतल्या खोलीकडे बघून आईला म्हणाले, "अवो, पोरगी आली. तिले काय खावाचं वाटते थे विचार. कायचीही लाज धरू नको म्हणा. सालं हायेत पोत्यात."

मला तर त्या दिवसांत फक्त बोरं खावीशी वाटत होती. पण ते ऐकून मी पिशवी तिथंच टाकली आणि ओसरीवर बसून रडले.